सिनेमाच्या पाट्यांत आमचं नाव, गावासह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी सिनेमाच्या अनुदानावर आपल्या पेपरात पत्रं येत असतात. त्यात माझं एक घ्या. मी पिढीजात गोंधळी. संबळ वाजवतो, थोरले बंधू तुणतुण्यावर असतात.

मुलानं मोबाईलवर डेव्हिड गुलपिलिल या ऑस्ट्रेलियन नटाचे सिनेमे दाखवले. उत्तरेकडल्या आर्नहेम लँडचा हा आदिवासी, जमातीच्या विधींत नाचणारा. पोरसवदा वयात एका इंग्रज दिग्दर्शकानं हेरला आणि १९७१च्या ‘वॉकअबाउट’मध्ये घेतला. वाळवंटात चुकलेल्या दोन गोऱ्या लेकरांना तो पोकळ नळीनं जमिनीतलं पाणी ओढून दाखवतो. शेवटी अंग रंगवून तो त्या पोरीसाठी नाचतो, रात्र होते तरी नाचतो, अन् तिला त्यातलं काही उमगत नाही. तो नाच मी पुन्हा पुन्हा लावला. आमच्या गोंधळातही यजमान घड्याळ बघत ‘उरका आता, डीजेवाला थांबलाय’ म्हणतो, तेव्हा संबळावर हात कसा चालतो ते आम्हालाच ठाऊक. आणि एवढं करून सिनेमाच्या पाट्यांत, म्हणजे पडद्यावरच्या नावांच्या यादीत, त्याचं नाव चुकीचं: गमपिलिल!

पुढं ‘स्टॉर्म बॉय’, ‘क्रोकोडाइल डंडी’ वगैरे झाले. पण मुख्य भूमिका मिळाली ती २००२च्या ‘द ट्रॅकर’मध्ये, पन्नाशीला टेकल्यावर. मग ‘टेन कॅनोज’. बापजाद्यांच्या काळातला होड्यांचा एक जुना फोटो त्यानं दिग्दर्शक रोल्फ डी हीर यांना दाखवला, त्यातून तो सिनेमा निघाला आणि त्यातली माणसं आपल्याच भाषेत बोलली. दारू, तुरुंग हेही त्याच्या वाट्याला आलं. त्यातून उठून डी हीर यांच्या जोडीनं ‘चार्लीज कंट्री’ लिहिला आणि २०१४ साली फ्रान्समधल्या कान इथल्या सिनेमा महोत्सवात ‘अन सर्टन रिगार्ड’ विभागात उत्कृष्ट अभिनेता ठरला. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तो गेला. चुकीच्या नावापासून लेखक म्हणून नाव लागेपर्यंत चाळीसेक वर्षं गेली बघा.

आमची गाडी अजून चुकीच्या नावापर्यंतही आलेली नाही. मागं एका मराठी सिनेमात आम्हाला गोंधळासाठी नेलं. देवीच्या पूजेचा चौक मांडू दिला नाही, वेळ नव्हता. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका यांना आवतण द्यायचं, तेही कापलं. दिवटीला तेल घालतात; तिथं डिझेलचा पलिता धरायला दिला, भाऊ रात्रभर खोकत होते. पाट्यांत जेवण पुरवणाऱ्याचं नाव आलं (जेवण चांगलं होतं, तक्रार नाही), आमच्या वाट्याला नुसतं ‘गोंधळी पथक’. मानधन ठरल्याप्रमाणे दिलं, तेही सांगतो.

माझी मागणी एवढीच: शासनाचं अनुदान घेणाऱ्या प्रत्येक सिनेमात लोककलावंताचं नाव, वाद्य आणि गाव पाट्यांत आलंच पाहिजे, अशी अट घाला. नसेल तर शेवटचा हप्ता रोखा. वासुदेव, पोतराज, वाघ्या-मुरळी, भारूडवाले सगळे त्यात धरा. आणि नावं शूटिंगच्या दिवशीच वहीत उतरवून, वाचून दाखवून सही-अंगठा घ्या. सिनेमा लागल्यावर आमचे फोन कुणी उचलत नाही.

आपला,
एक संबळवादक, सेलू, जि. परभणी