किटली टाकू नकोस, आई

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू सहज विचारलंस, "वरच्या माळ्यावर ॲल्युमिनियमची किटली सापडली. आतून काळीठिक्कर पडलीय. भंगारात देऊ का गं?" मी "नको, नको" म्हणून एवढ्यांदा ओरडले की बाबांनी तुझ्या हातातून फोन घेऊन विचारलं, काय झालं. तेव्हा काही सांगता आलं नाही, घरात पाहुणे होते. आणि हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखंही नाही. म्हणून पत्र. बाबा, सावकाश मोठ्याने वाचा, आईचा चष्मा अजून आलेला नाही म्हणे.

ती किटली लोणारची आहे. 1986 चा उन्हाळा. बाबांना मोजणीच्या कामावर तीन महिने लोणारला पाठवलं होतं आणि आमच्या परीक्षा संपल्याबरोबर आपण सगळे अमरावतीहून तिकडे गेलो. मेहकरला गाडी बदलली, तिथे दादाने उसाचा रस प्यायला आणि पुढच्या गाडीत खिडकीतून तो परत दिला. गावात उतरलो तर साधं गाव. धूळ, कडुलिंब, पत्र्याची दुकानं, कुठेही दिसतं तसं. मग संध्याकाळी बाबा आम्हाला गावाच्या टोकाला घेऊन गेले आणि पुढे जमीनच नव्हती. पायाखालून दीडशे मीटर खोल उतार, जवळजवळ दोन किलोमीटर रुंद गोल खड्डा, त्यात झाडी आणि मधोमध हिरवट पाण्याचं सरोवर. आणि वास! दादा म्हणाला, "बाबा, कोणीतरी हजार अंडी फोडून ठेवलीत." आई, तू पदर नाकाला लावलास आणि तिथेच जाहीर केलंस की पोरांनी या खड्ड्यात पाय ठेवायचा नाही. ऊन, चिखल, साप, वानरं, सगळी कारणं एका दमात सांगितलीस.

तुला ते गाव सुरुवातीला आवडलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळायचं. महिनाभर तू दूधवाल्याशी आणि आमच्याशी सोडून कोणाशी बोलली नाहीस. शेजारच्या बायका धारेवर, म्हणजे काठावरच्या झऱ्यावर, निघाल्या की हाक मारायच्या, तू दारातूनच "नंतर येते" म्हणायचीस. दुपारी कुरोड्या वाळत घालायचीस आणि राखणीला मला बसवायचीस. एकदा खालच्या झाडीतून वानरांची टोळी वर आली. त्यातल्या मोठ्या वानराने कुरोडी उचलली, चावली, ती ओली होती म्हणून तोंड वाकडं करून परत सुपात ठेवली. तू ते खिडकीतून पाहिलंस आणि त्या महिन्यात पहिल्यांदा मोठ्याने हसलीस. मला ते हसणं अजून ऐकू येतं.

घरमालक आजोबा तर त्या उन्हाळ्याचा प्राणच होते. ते आणि बाबा रोज रात्री अंगणात एकाच विषयावर भांडायचे. बाबा सांगायचे, अशनी पडली आणि काळ्या बसाल्ट खडकात हा खड्डा झाला, 50 हजार वर्षं झाली त्याला. आजोबा सांगायचे, खाली लवणासुर राहत होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. "थ्या दैत्याचं रगत म्हंजे हे पाणी, साहेब. खारं काहून लागते मंग?" बाबांकडे क्षार, बाष्पीभवन, बाहेर जायला वाट नाही, अशी सगळी उत्तरं होती. आजोबा ती शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर हाय. पण सुरुवात कोनं केली?"

(बाबा, तुमचा आकडा आता बदललाय. खडकातल्या आरगॉन वायूवरून मोजलं तेव्हा साधारण 5 लाख 70 हजार वर्षं निघाली. आजोबा असते तर त्यांनी विचारलं असतं, मोजाले कोन व्हतं?)

त्यात ते हॅलेच्या धूमकेतूचं वर्ष. सगळ्या देशाला कुतूहल होतं, लोणारला काळजी होती. आजोबांनी अंगणातली बाज उचलून ओसरीवर घेतली. "एकडाव अस्मानातून पडलं तं एवढा खड्डा झाला. आता पुन्हा पडलं तं कोनाच्या आंगनात पडन?" हे बोलल्यावर अशनीवर आपला विश्वास नाही हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. बाबांनी समजावलं की तो सगळ्यात जवळ आला तेव्हाही सहा कोटी किलोमीटरहून लांब होता. आजोबा म्हणाले, "पयला बी लांबूनच आला असन ना?" बाबा, तुमच्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही इतके हसलात की तुमच्या हातातला तांब्या सांडला. एप्रिल संपता संपता तुम्ही आम्हाला तो धूमकेतू दाखवलात. दादाला दिसला. मला पुसट डाग दिसल्यासारखा वाटला आणि मी दिसला म्हणून सांगितलं. 2061 मध्ये तो परत येईल तेव्हा नीट बघ, असं तुम्ही म्हणाला होतात.

होकायंत्राचं तर तुम्हाला माहीतच आहे. मोठ्या मारुतीची मूर्ती चुंबकाची आहे असं गावात सगळे म्हणायचे, म्हणून आम्ही तुमच्या पेटीतून ते नेलं. दादाला सुई डावीकडे गेलेली दिसली, मला उजवीकडे, आणि शेजारच्या पोराला ती गोल फिरलेली दिसली. ते आम्ही त्याच संध्याकाळी कबूल केलं होतं.

किटलीचं मात्र आजपर्यंत कबूल केलेलं नाही.

त्या शेजारच्या पोराने आम्हाला सांगितलं होतं की खालच्या पाण्याला साबण लागत नाही, नुसतं हात चोळले तरी बुळबुळीत होतात. मला ते बघायचंच होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी, तू झोपली होतीस तेव्हा, मी तुझी चहाची किटली घेतली आणि आम्ही तिघं धारेच्या बाजूने खाली उतरलो. देवळं, त्यात कमळजा मातेचंही, करवंदीची जाळी, मोरांचे आवाज आणि शेवटी पांढरी खपली आलेला चिखल. पाणी खरंच बुळबुळीत होतं. किटली गच्च भरून वर आणली आणि तुला दिसू नये म्हणून शेजाऱ्यांच्या मांडवात, पाण्याच्या भांड्यांच्या रांगेत ठेवून दिली. तिथे दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या मोठ्या भावाचं लग्न होतं. त्या दिवशी हळद होती.

किटली तिथे दोन दिवस राहिली असती तरी काही बिघडलं नसतं. पण मे महिना, गावात पाण्याची ओढ. नवरदेवाला हळद लावून झाली. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, पाटावर बसलेला. बायका गाणी म्हणत तांबे ओतत होत्या. घंगाळातलं पाणी संपलं आणि अंगावर हळद अजून तशीच. एक आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, थे किटली दे वं इकडे."

आई, मला माहीत होतं त्यात काय आहे. मी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर खाली गेलो होतो हे तुला कळलं असतं, आणि तू माझ्यापासून चार हातांवर उभी होतीस. त्या दिवशी बायका तुला हाताला धरून घेऊन आल्या होत्या, तू कोपऱ्यात उभी होतीस. मी किटली दिली.

पहिली धार खांद्यावर पडली आणि पिवळा नवरदेव लाल झाला. खांदा लाल, पाठ लाल, बनियन लाल. आत्याबाईंनी अजून एक धार ओतली, तर छातीवरून लाल ओघळ. डफडं थांबलं. कोणीतरी किंचाळलं, "रगत! माय वं, रगत!" नवरदेवाने आपले हात बघितले आणि पाटावरून थेट उडी मारली. एक आजी मटकन खाली बसली. आणि घरमालक आजोबा ओसरीवरच्या बाजेवरून ओरडले, "लवणासुर आला! म्या म्हनलो व्हतो, साहेब, म्या म्हनलो व्हतो!"

सगळ्या मांडवात एकच माणूस शांत होतं. तू. महिनाभर कोणाशी न बोललेली तू पुढे गेलीस. नवरदेवाच्या दंडावरचा लाल चिखल बोटावर घेतलास, वास घेतलास, अंगठ्याने चोळलास. मग खाली बसलेल्या त्या आजीच्या कपाळाला लावलास आणि म्हणालीस, "आजी, हळदीत चुना कालवला की काय होतं?"

आजी म्हणाली, "कुकू."

"मग झालं तर. कमळजा मातेने याला अंगभर कुंकू लावलंय. रडताय काय, ओवाळा!"

एक क्षण कोणी हललं नाही. मग ती आजी उठली, नवरदेवाला पाटावर बसवलं, त्याच्या पाठीवर बोट फिरवलं आणि सुनेच्या कपाळाला टेकवलं. त्याबरोबर बायकांची रांग लागली. ज्याच्या त्याच्या तोंडी कमळजा माता. तो बिचारा ताठ बसून होता आणि एकेक सवाष्ण येऊन त्याच्या पाठीवरून कुंकू उचलून नेत होती. गुदगुल्या होत होत्या म्हणून तो हसत होता, आणि नवरदेव हसतोय म्हणून सगळे हसत होते. डफडं पुन्हा सुरू झालं. बाबा, तुम्ही दाराशी उभे राहून आईकडे बघत होतात. तुमचा तो चेहरा मी पुन्हा फार कमी वेळा पाहिला.

त्यानंतर आपल्या घरात बायकांचा राबता सुरू झाला. कोणाचे मांडे तुटतात, कोणाच्या बाळाला घामोळं आलंय, सगळं तुला विचारायला. जूनमध्ये निघताना तू एसटीत बसून रडलीस.

अकरावीत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद सोड्याच्या द्रावणात बुडवला आणि तो लाल झाला, तेव्हा मला तुझं बोट आठवलं. सरोवराचं पाणीही तसंच, सोड्यासारखं. पुस्तकात ते एका ओळीत होतं. तुला ते कुठल्याही पुस्तकाशिवाय, किंचाळणाऱ्या पन्नास माणसांत सुचलं.

पण त्या संध्याकाळी एक गोष्ट घडली, ती तुम्हाला माहीत नाही. किटलीत सरोवराचं पाणी कोणी आणलं याची चौकशी झाली. शेजारच्या पोराला कोणीतरी खालच्या वाटेवरून येताना पाहिलं होतं. त्याच्या वडिलांनी त्याला दोन थोबाडीत दिल्या. मी भिंतीआडून बघत होते, दादा धारेवर होता. त्या पोराने आमचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी वरातीत त्याने मला आपल्या वाटचा पेढा अर्धा तोडून दिला, आणि मी तो खाल्ला. मी नऊ वर्षांची होते, हे खरं. तरी मला त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढे त्याला सांगता येणार नाही असं वाटलं.

किटली धुऊन मी फळीवर परत ठेवली होती. त्या पाण्याने ॲल्युमिनियम आतून काळं पडलं. तू इतकी वर्षं म्हणत आलीस की लोणारच्या चहाची पूडच वाईट होती.

2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हाचं आठवतं? टाळेबंदी होती, आपण सगळे घरात कोंडलेले, आणि टीव्हीवर ते गुलाबी पाणी. खारटपणा वाढल्यावर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, असं नंतर शास्त्रज्ञांनी सांगितलं. पण त्या सकाळी मी घाईने तुला फोन लावला, आणि मी काही बोलायच्या आधीच तू विचारलंस, "कोणी हळद टाकली गं?" आपण दोघी हसत सुटलो. त्या वेळीच सांगणार होते. मागून बाबांचा खोकला ऐकू आला, त्या दिवसांत खोकला म्हटलं की पोटात गोळा यायचा, आणि ते राहून गेलं.

तर आता असं ठरवलंय. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी आणि दादा अमरावतीला येतो. रविवारी पहाटे गाडी करून लोणारला निघू, म्हणजे बाबांना वाटेत दोनदा थांबता येईल. खाली उतरायचं नाही, आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही. काठावर जिथे बाबांनी पहिल्यांदा दाखवलं होतं तिथे खुर्च्या टाकून बसू. मग शेजाऱ्यांच्या घरी जाऊ. दिवाळीला त्यांचा फोन येतो असं तू म्हणाली होतीस, तेव्हा तो पोरगा, म्हणजे आता पन्नाशीचा माणूस, गावातच आहे का तेवढं विचारून ठेव. का विचारतेस ते मात्र सांगू नकोस. ते मी सांगेन. पेढे इथून घेऊन येते.

किटली सोबत घ्यायची आहे. बाबा, तुम्ही ती चिंच लावून घासायला बसाल हे मला माहीत आहे. घासू नका. आहे तशी काळी राहू द्या.

तुमची,
धाकटी