ओ-पेअरलाही रुळायला वेळ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात किंवा नाशिकला जर्मन शिकून ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या यजमान कुटुंबात राहून त्यांची मुले सांभाळत भाषा शिकण्यासाठी, जर्मनीला जाणाऱ्या मुलामुलींना ए-वनची (जर्मनच्या पहिल्या पायरीची) परीक्षा, करारपत्र आणि व्हिसा यांबद्दल भरपूर सल्ला मिळतो. तिथे पोचल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि पुढे जे बिनसते त्याची सुरुवात बहुधा याच दिवसांत झालेली असते. आम्ही जर्मन शिकवणारे काही शिक्षक हे पत्र मुख्यतः पालकांसाठी लिहीत आहोत.

आधी नियम, कारण ते घरच्यांनाही पाठ असावेत. व्हिसाचा अर्ज करताना वय 27च्या आत हवे. मुक्काम जास्तीत जास्त एक वर्षाचा. काम दिवसाला सहा आणि आठवड्याला 30 तासांपेक्षा जास्त नाही, आणि रात्री आईबाबा बाहेर गेले म्हणून मुलांपाशी थांबणेही त्या तासांतच मोजायचे. महिन्याला 280 युरो हातखर्च (आजारपणात आणि सुट्टीतही), भाषेच्या वर्गासाठी महिन्याला 70 युरो, स्वतंत्र खोली, जेवण आणि विमा हे सगळे यजमान कुटुंबाकडून. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, महिन्यातून किमान एक रविवार पूर्ण मोकळा. मुलांचे कपडे, त्यांचे खाणे, त्यांच्या खोलीची आवराआवर हे काम आहे. घरभर फरशी पुसणे किंवा आजीची शुश्रूषा करणे हे काम नाही. हे तास आठवड्याच्या वेळापत्रकात लिहून फ्रिजवर लावलेले असावेत. तोंडी ठरलेले तास हळूहळू वाढत जातात, आणि ते वाढल्याचे दोघांच्याही लक्षात फार उशिरा येते.

आता मुख्य मुद्दा. जर्मनीतल्या पाळणाघरात नवे मूल आले की त्याला रुळवण्याची एक शिस्तशीर रीत असते, तिला ते ‘आइनगेव्योनुंग’ म्हणतात. त्यातली बर्लिनची पद्धत सर्वांत परिचयाची. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर मुलाबरोबर तिथेच बसतात. मुलाला सोडून खोलीबाहेर जाण्याचा पहिला प्रयत्न चौथ्या दिवशी, तोही काही मिनिटांचा. मूल शांतच होत नसेल तर घाई न करता पुन्हा काही दिवस थांबतात. आपल्या मुलासाठी ही सवड काढणारे कुटुंब कित्येकदा रविवारी उतरलेल्या ओ-पेअरच्या हाती सोमवारी सकाळी सातला दोन मुले देऊन कामावर निघून जाते. असे होऊ नये.

जी रीत मुलाला लावतात तीच ओ-पेअरला लावावी, असे आमचे ठाम मत आहे. पहिला दिवस नुसते पाहण्याचा: कोणता पेला कोणाचा, झोपताना कोणते चिंधीचे अस्वल लागते, दात घासायला नकार दिला तर आई काय म्हणते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओ-पेअरने करायचे आणि आईने बाजूला बसायचे. चौथ्या दिवशी आईने अर्धा तास बेकरीत जाऊन यावे. संपूर्ण दुपार दुसऱ्या आठवड्यात. याचे कारण साधे आहे. श्नुलर म्हणजे चोखणी, ब्रोटडोझे म्हणजे डबा, माचहोझे म्हणजे चिखलात खेळताना वरून चढवायची रबरी विजार. असले घरगुती शब्द ए-वनच्या पुस्तकात फारसे नसतात आणि तीन वर्षांचे मूल दिवसभर तेच बोलते. याच दिवसांत आईबाबांनी पाळणाघरात लेखी कळवावे की मुलाला न्यायला अमुक व्यक्ती येईल. तसे पत्र नसेल तर ते मूल ताब्यात देत नाहीत. मुलाला न्यायला पहिल्यांदा जाताना ओळख पटवण्यासाठी पासपोर्ट जवळ असू द्यावा.

आपल्या मुलींची सर्वांत मोठी चूक म्हणजे न समजता ‘हो, हो’ म्हणून मान डोलावणे. आपल्याकडे तो नम्रपणा आहे. तिथे त्याचा अर्थ ‘समजले, करते’ असाच होतो, आणि काम झाले नाही की विश्वास जातो. ‘दास हाबे इश निश्ट फेरश्टांडन’, म्हणजे मला हे समजले नाही, हे वाक्य पहिल्या आठवड्यात दिवसातून वीस वेळा म्हणावे लागले तरी म्हणावे. यजमानांना मॅडम किंवा काकू म्हणू नये. त्यांनी सांगितल्याप्रमाणे नावाने आणि ‘डू’ म्हणून, म्हणजे एकेरीतच बोलावे. शाकाहारी असल्यास पोचण्याआधीच स्पष्ट सांगावे. मुले प्रेमाने पुढे करतात त्या जेलीच्या गोळ्यांमध्ये बहुधा डुकराचे जिलेटिन असते.

घरातल्या दोन गोष्टी फार महागात पडतात. एक दार. तिथल्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार ओढले गेले की किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला दोन मिनिटे खाली गेले, वाऱ्याने दार लागले, आणि मूल आत. म्हणून किल्ली पहिल्या दिवसापासून गळ्यात किंवा खिशात. ती हरवली तर काही इमारतींत सगळी कुलपे बदलावी लागतात, त्यामुळे विम्यात अशा नुकसानभरपाईची तरतूद आहे का ते आधीच पाहावे. दुसरी गोष्ट लोकर. थंडीत लहान मुलांना लोकर-रेशमाचे पातळ आतले कपडे घालतात. ते हाताला सुती बनियनसारखे लागतात, म्हणून बाकी कपड्यांबरोबर 60 अंशांवर धुतले जातात आणि बाहुलीच्या मापाचे होऊन बाहेर येतात. कपड्याच्या आतली चिठ्ठी वाचल्याशिवाय मशीन लावू नये.

रस्त्यावर वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे पाऊल टाकताना आधी डावीकडे पाहायचे. ही सवय लागेपर्यंत मुलांना घेऊन बाहेर पडण्याआधी एकटीने चार फेऱ्या मारून घ्याव्यात. आठ वर्षांखालच्या मुलाने सायकल पदपथावर चालवायची असते. बारा वर्षांखालच्या आणि 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत त्याची खास सीट लागते, शेजाऱ्यांच्या गाडीतसुद्धा.

कागदपत्रांचा क्रम चुकला की सगळेच अडते. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते. त्यासाठी पासपोर्ट आणि घर देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म लागतो. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून कुटुंबाने ती विमान सुटण्याआधीच घेऊन ठेवावी. नोंदीनंतर करक्रमांक टपालाने येतो. आणि इथे एक बारीकशी गोष्ट आडवी येते: टपालपेटीवर ओ-पेअरचे आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. साधी चिठ्ठी चिकटवली तरी चालते, पण ती पहिल्याच दिवशी. व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास परवाना घ्यायचा असतो. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नये. घरात छळ किंवा जबरदस्ती झाली तर स्त्रियांसाठी 116016 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि अनेक भाषांत चालतो. तातडीला पोलिसांचा 110.

पालकांना एक विनंती. आपण रात्री जेवणे आटोपून नऊला निवांत फोन लावतो. तेव्हा तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात, म्हणजे मुले घरी आलेली, भुकेली, आणि लेकीचे दोन्ही हात अडकलेले. फोन घेतला तर लक्ष मुलांवरून उडते, नाही घेतला तर इकडे जीव टांगणीला. मुले पाळणाघरात असतात तेव्हा, तिथल्या दुपारी एकला बोलावे: आपल्याकडे उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच.

आपले,
जर्मन भाषेचे काही शिक्षक, पुणे