हेडफोनच्या खोक्यावर उपयोगाची माहिती कधी छापणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या खरेदीचे दिवस जवळ आले की सवलतींच्या जाहिरातींचा पूर येतो आणि अलीकडे त्यात ‘गेमिंग हेडफोन’ हा प्रकार फार ठळकपणे दिसू लागला आहे. मी साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ध्वनीचे प्रकरण शिकवून झाले की दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी, आणि पालकसभेच्या दिवशी पालकही, मला एकच प्रश्न विचारतात : गेमलाही चालेल आणि गाणी ऐकायलाही बरा वाटेल असा हेडफोन दीड-दोन हजारांत कोणता मिळेल? या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. पण ज्या माहितीवरून ते काढायचे ती खोक्यावर छापलेली नसते आणि जी छापलेली असते तिचा निवडीला जवळजवळ काहीच उपयोग होत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

तीन वर्षांपूर्वी मुलासाठी मी एका दुकानातून अठराशे रुपयांचा हेडफोन घेतला. खोक्यावर ‘७.१ सराउंड’, ‘५० मिमी ड्रायव्हर’, ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि कानांवरच्या वाट्यांना लाल-निळे दिवे होते. घरी येऊन पाहतो तो वायरीला दोन टोके : एक ३.५ मिमीची पिन आणि दुसरी यूएसबीची. यूएसबीची पिन काढून पाहिली तर आवाजात तिळमात्र फरक पडला नाही, फक्त दिवे विझले. म्हणजे ती वायर केवळ दिव्यांना पाच व्होल्ट पुरवण्यासाठी होती आणि हेडफोन मोबाइलला लावला की ती नुसतीच लोंबकळत राहायची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तेव्हा वजन ३८० ग्रॅम भरले. मी स्वतः चष्मा लावून अर्धा तास घातला, तर काड्या कानामागे रुतून दुखायला लागले. नाट्यसंगीत लावले तेव्हा डग्गा इतका घुमला की गायकाचे शब्द त्याखाली बुडून गेले आणि तानपुरा तर कुठे वाजतो आहे हेच कळेना. दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो, तेव्हा खोके उघडलेले आहे या कारणावरून दुकानदाराने नकार दिला. खोके न उघडता हेडफोन ऐकून कसा पाहायचा, या माझ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते.

आता त्या ठळक अक्षरांतल्या दाव्यांकडे पाहू. २० ते २०,००० हर्ट्झ ही निरोगी तरुण कानाची ऐकण्याची ढोबळ मर्यादा आहे. एखादा हेडफोन त्या पट्ट्यात कुठे किती डेसिबलने वर-खाली होतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, आणि म्हणूनच तीनशे रुपयांच्या व तीस हजारांच्या हेडफोनवर तोच आकडा बिनदिक्कत छापता येतो. ड्रायव्हरच्या, म्हणजे वाटीतला पडदा हलवून आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या, मापाचेही तसेच आहे. सोनी कंपनीचा एमडीआर-७५०६ हा हेडफोन १९९१ साली आला आणि आजही जगभरच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत वापरला जातो. त्याचा ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा आहे. पडदा कशाचा आहे, त्यामागची पोकळी कशी घडवली आहे आणि गादी कानाभोवती किती नीट बसते, यांवर आवाज ठरतो, नुसत्या व्यासावर ठरत नाही.

‘७.१’विषयी, म्हणजे भोवती सात स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर असल्याचा भास देण्याच्या दाव्याविषयी, थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण सर्वाधिक पैसे याच शब्दापायी खर्च होतात. माणसाला कान दोनच असतात. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोहोचतो आणि उजव्या कानाला एक मिलिसेकंदाहूनही कमी उशिराने पोहोचतो. मध्ये डोके येत असल्याने उजवीकडे तो थोडा क्षीणही होतो, आणि कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे पुढचा, मागचा व वरचा आवाज किंचित निरनिराळा रंग घेऊन आत शिरतो. एवढ्या खुणांवरून मेंदू दिशा ठरवतो. आजचे अनेक नेमबाजीचे गेम हे सारे गणित स्वतःच करून दोन वाहिन्यांचा तयार आवाज देतात. त्यावर पुन्हा हेडफोनच्या सॉफ्टवेअरमधले ‘७.१’ चालू केले, तर एकाच आवाजावर दोनदा संस्कार होतात आणि दिशा स्पष्ट होण्याऐवजी पुसट होते. चित्रपट पाहताना त्या सोयीचा काही उपयोग होऊ शकतो, हे मान्य. पण गेमसाठी चांगला साधा स्टिरिओ हेडफोन पुरतो, हे विद्यार्थ्यांनी निश्चिंतपणे ध्यानात ठेवावे.

गेमला वेगळा हेडफोन लागतो आणि गाण्याला वेगळा, हा समजही जाहिरातींनी रुजवला आहे. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजाला सहज झाकून टाकतो. उलट मात्र तितक्या सहज घडत नाही. त्यामुळे ज्या हेडफोनचा बास फुगवलेला असतो, त्यावर बॉम्ब फुटल्याचा धडाका मोठा वाटतो, परंतु जिन्यावरून कोणी खाली येत असल्याची पावले त्याच धडाक्यात हरवतात, आणि खेळणाऱ्याला खरी गरज असते ती त्या पावलांची. डग्ग्याखाली तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झंकारती गुंजन, आणि गायकाचे ‘स’, ‘श’ बुडतात ते याच कारणाने. चाटीवरचा बोल स्वच्छ, डग्ग्याची मींड भरीव पण आटोपशीर आणि त्या दोहोंच्या मागे तानपुरा सलग ऐकू येणे, एवढे ज्या हेडफोनला साधते त्यावर पावलेही ऐकू येतात. म्हणून मी मुलांना सांगतो की हेडफोन गाण्यावर पारखून घ्या, गेमचे काम त्यातच भागेल.

यानंतर प्रश्न येतो तो बिनतारी की तारेचा. आमच्याकडे माहुलीला कृष्णेच्या घाटावर पलीकडच्या काठाला कोणी कपडे आपटत असले, की हात खाली आलेला आधी दिसतो आणि आपटल्याचा आवाज मागून येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज गुंडाळून पाठवण्यात आणि पुन्हा उलगडण्यात २०० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे गोळी झाडल्याचा आवाज ६८ मीटरवरून आल्यासारखा उशिरा पोहोचतो. गाणे ऐकताना या उशिराने काहीच बिघडत नाही आणि चित्रफीत पाहताना ॲप चित्रालाही तेवढेच मागे ठेवून जुळवून घेते. गेममध्ये मात्र आपण बोट दाबल्यावर चित्र तत्काळ हलावे लागते, त्यामुळे तिथे अशी सोय करता येत नाही. ‘गेमिंग मोड’ असलेल्या काही ब्लूटूथ हेडफोनांत हा उशीर कमी होतो आणि यूएसबीचे छोटे रिसीव्हर असलेल्या बिनतारी हेडफोनांत तो फारच थोडा राहतो, पण या दुसऱ्या प्रकारातले चांगले हेडफोन दोन हजारांच्या आत क्वचितच बसतात. तारेच्या हेडफोनला हा प्रश्नच नसतो.

ब्लूटूथची आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. मित्रांशी बोलत खेळण्यासाठी हेडफोनचा माइक चालू केला, की नेहमीच्या ब्लूटूथवर संपूर्ण जोडणीच फोनवरच्या संभाषणाच्या पद्धतीवर जाते आणि त्याच क्षणी खेळाचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा, एकाच वाहिनीचा व कोंदट होतो. डावे-उजवे तर संपतेच. ब्लूटूथच्याच एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत यावर उपाय आहे, पण ती फोनमध्येही हवी आणि हेडफोनमध्येही हवी. मुले ‘सर, हेडफोन बिघडला’ म्हणून माझ्याकडे घेऊन येतात, तेव्हा बहुतेक वेळा असेच झालेले असते.

तारेचा हेडफोन घेतानाही एक खाच आहे. मोबाइल व लॅपटॉपसाठीच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार भाग असतात, त्यात माइकही येतो. परंतु घरातल्या जुन्या संगणकाला ऐकण्याचे हिरवे आणि माइकचे गुलाबी अशी दोन वेगळी छिद्रे असतात. तिथे दोन शेपट्यांचा जोड लागतो आणि तो शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. ज्या फोनला पिनेचे छिद्रच नाही, त्याला टाइप-सीचा छोटा अडॅप्टर लावावा. हे माहीत नसल्यामुळे चांगला हेडफोन ‘माइक चालत नाही’ म्हणून कपाटात पडून राहिलेला मी पाहिला आहे.

सारांशाने विचारणाऱ्याला मी जे सांगतो ते असे : बंद वाट्यांचा, तारेचा, साधा स्टिरिओ, सुमारे ३२ ओहम विद्युत अवरोधाचा, शक्यतो पावशेराच्या आसपास वजनाचा हेडफोन घ्यावा आणि गाद्यांचे वरचे कापड रेक्झिनचे नसून विणलेले असेल तर उत्तम, कारण आपल्या घामात आणि कोकणच्या दमट हवेत रेक्झिनचे पापुद्रे वर्षभरात सुटू लागतात. हजाराच्या आत बसवायचे असेल तर चांगला तारेचा इअरफोन त्याच किमतीच्या मोठ्या हेडफोनपेक्षा बहुधा सरस निघतो. दुकानात जाताना आपल्या ओळखीचे, शंभर वेळा ऐकलेले गाणे फोनमध्ये उतरवून न्यावे, दुकानदाराचे ढणढणीत गाणे ऐकू नये, चष्मा असेल तर तो लावून निदान दहा मिनिटे हेडफोन डोक्यावर ठेवावा आणि जबडा हलवून गादी सुटते का ते पाहावे.

गादी नीट बसण्याचा संबंध कानाच्या आरोग्याशीही आहे आणि तो पालकांनी विशेष लक्षात घ्यावा. फटीतून मिक्सरचा, टीव्हीचा, रस्त्याचा आवाज आत आला की मुले त्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे; आवाज ९० डेसिबल झाला की हीच मर्यादा ४ तासांवर येते. डेसिबलच्या मोजणीत तीनची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट, हे लक्षात घेतले म्हणजे दहाने केवढा फरक पडतो ते कळते. रोज दोन तास ९० डेसिबलच्या आवाजात गेम खेळणारा मुलगा आठवड्याची ही मर्यादा दोन दिवसांतच गाठतो. बहुतेक स्मार्टफोनांत कमाल आवाजाला मर्यादा घालण्याची सोय असते. पालकांनी मुलाला शेजारी बसवून ती लावून घ्यावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता उत्पादकांकडे आणि शासनाकडे काय मागावे? आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे खोक्यावर कमाल किंमत, उत्पादकाचे अथवा आयातदाराचे नाव-पत्ता, तक्रारीसाठीचा संपर्क आणि आयात माल असल्यास मूळ देश छापावा लागतो, आणि बिनतारी हेडफोनला भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणीही आहे. ही नोंदणी विजेच्या सुरक्षिततेची आहे, आवाजाच्या प्रतीची नाही. याच चौकटीत वजन, मोजलेला उशीर, संवेदनशीलता (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज निघतो ते), यूएसबीची वायर आवाजासाठी आहे की केवळ दिव्यांसाठी, आणि गाद्या व वायर सुट्या मिळतात की नाही, या पाच गोष्टी छापण्याचे बंधन घालणे अवघड नाही. ‘७.१’ हे हेडफोनमध्ये नसून सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहायला लावावे. फसव्या जाहिरातींवर कारवाईचे अधिकार २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिलेले आहेत आणि ग्राहकांसाठी १९१५ हा मदतीचा क्रमांकही आहे. वाचकांनी त्याचा उपयोग करावा. दुकानदारांनीही प्रत्येक प्रकारातला एक नग ऐकण्यासाठी उघडा ठेवावा. चपला पायात घालून पाहू देतात, मग कानात घालायची वस्तू ऐकू का देऊ नये?

तो दिव्यांचा हेडफोन आम्ही बाजूला ठेवला आणि दोन महिन्यांनी सोळाशे रुपयांत बिनदिव्यांचा, तारेचा, साधा हेडफोन घेतला. मुलगा आता पुण्याला अभियांत्रिकी शिकतो आणि तो हेडफोन त्याच्याजवळ आहे. गेल्या वर्षी पिनेजवळ वायर तुटून उजवा कान बंद झाला, तेव्हा तपकीर गल्लीतल्या एका कारागिराने त्याच्यासमोर ती कापून नवी पिन बसवली. आतले केसासारखे बारीक धागे लाल, हिरव्या लेपाचे असतात आणि तो लेप तापल्या सोल्डरच्या थेंबात जाळल्याशिवाय डाग धरत नाही. हे त्या कारागिराने मुलाला हातात वायर देऊन दाखवले आणि साठ रुपये घेतले. गाद्या मात्र फाटल्यावर त्या मापाच्या कुठेच मिळाल्या नाहीत, कंपनी त्या सुट्या विकत नाही. शेवटी माझ्या पत्नीने जुन्या सुती साडीच्या दोन खोळी शिवून, आत इलॅस्टिक घालून, त्या गाद्यांवर चढवून दिल्या. दीड-दोनशे रुपयांची गाद्यांची जोडी कंपन्यांनी विक्रीला ठेवावी, ही मागणी या पत्राद्वारे मी त्यांच्यापर्यंत पोहोचवू इच्छितो.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, सातारा