मनावरच्या जखमेचे मोजमाप एकदाच का?

मा. संपादक,

बाललैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपीला किती वर्षांची शिक्षा झाली हे ठळकपणे छापले जाते. बालकाला भरपाई किती मिळाली आणि ती कशाच्या आधारे ठरली, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जिल्हा न्यायालयात वकिली करताना मला हीच गोष्ट सर्वाधिक अस्वस्थ करते.

२०१२ च्या पोक्सो कायद्यातील कलम ३३(८) नुसार विशेष न्यायालय मानसिक आघाताबद्दलही भरपाई देववू शकते. २०२० च्या नियमांपैकी नववा नियम त्याहून पुढे जातो. उपचारांचा खर्च, बुडालेले शिक्षण, झालेल्या इजेची तीव्रता अशा बाबी लक्षात घेऊन, आरोपी निर्दोष सुटला किंवा त्याचा माग लागला नाही तरीही, न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. कायदा पुरेसा उदार आहे. घोडे अडते ते पुराव्यापाशी. वैद्यकीय अहवालात शरीरावरच्या खुणा सेंटिमीटरमध्ये नोंदवलेल्या असतात आणि मनाबद्दल बहुधा एकच ओळ असते : 'शुद्धीवर आहे, प्रश्नांना नीट उत्तरे देते.' एका खटल्यात बचाव पक्षाने मुलीचे प्रगतिपुस्तक पुढे केले आणि गुण घसरलेले नाहीत, त्यामुळे परिणाम झालेलाच नाही, असा युक्तिवाद केला. ती मुलगी न्हाणीघराचे दार लावून घ्यायला तयार नव्हती आणि आईचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती. याचा अर्थ न्यायालयाला उलगडून सांगणारा एकही तज्ज्ञ साक्षीदार तपासला गेला नाही.

बालपणीचा आघात वयाबरोबर रूप बदलतो. लहानपणी न कळलेल्या गोष्टीचा अर्थ वयात येताना कळतो आणि तेव्हा नैराश्य, निद्रानाश किंवा माणसांवरचा अविश्वास डोके वर काढतो. काहींना तो त्रास लग्नानंतर सुरू होतो. आपल्याकडे भरपाई मात्र बहुधा निकालासोबत एकदाच ठरते.

मोटार अपघाताच्या दाव्यांत भविष्याचा हिशेब करण्याची पद्धत रुळलेली आहे. मेंदूला इजा झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तिची बुडालेली कमाई, आयुष्यभर लागणारी मदतनीस, पुढील उपचार असा सारा हिशेब मांडून ६२ लाखांहून अधिक रक्कम मंजूर केली. पोक्सो खटल्यांत असा विचार का होऊ नये?

प्रत्येक खटल्यात बालमानसतज्ज्ञाचा अहवाल मागवला जावा, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फेरमूल्यांकनासाठी अर्ज करण्याची मुभा मूळ आदेशातच द्यावी. फेरतपासणीत घटना पुन्हा वदवून घेण्याचा आग्रह मात्र नसावा, कारण त्यातून जुनी जखम नव्याने उघडते. उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या नोंदी पुरेशा मानाव्यात. भरपाईची रक्कम मूल सज्ञान होईपर्यंत मुदतठेवीत ठेवताना त्यातला ठरावीक भाग समुपदेशनासाठी लगेच काढता यावा, कारण त्याची गरज मुदत संपेपर्यंत थांबत नाही.

— एक वकील, सातारा