वर्गाचं तोंड फिरवलंत, त्याबद्दल

ताई,

नाव लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून नाही लिहीत. आमच्या सकाळच्या व्यायामवर्गात तुम्ही जेमतेम पाच दिवस आलात. फी घेतली नाही. चहा घेतलात, तोही अर्धा कप, आणि अर्धाच का तेही सांगितलंत: चहा-कॉफीनं मूत्राशय चिडतं.

शेवटच्या रांगेत फाटकाजवळ उभ्या राहणाऱ्या बायांना आम्ही आळशी समजत होतो. त्या फाटकाजवळ नव्हत्या, संडासाजवळ होत्या. गडद रंगाची सलवार, आणि उड्या आल्या की नेमकी तहान. आम्हा शिकवणाऱ्यांना हे इतक्या दिवसांत दिसलं नाही, तुम्हाला पहिल्याच सकाळी दिसलं. तुम्ही कोणाला पुढे बोलावलं नाहीत. दुसऱ्या दिवशी आपली सतरंजी उचलून फाटकाशी गेलात आणि म्हणालात, "आज इकडून तोंड." मागची रांग पुढची झाली. मग मेथीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणालात, "शिंकताना, खोकताना लघवी गळते अशा बायका प्रत्येक वर्गात असतात. हात वर करायचा नाही, फक्त ऐका."

त्याआधी ऐकलेलं काय होतं? एका दवाखान्यात, "दोन लेकरं झाली न, मग होतंच थोडं." एका जिममध्ये, "पॅड लावून या, पण उचलायचं वजन कमी करू नका." आणि आम्ही? "कीगल करा" एवढं म्हणून मोकळ्या. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा-सोडायचा हा व्यायाम अर्नोल्ड कीगल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये मांडला. इतक्या वर्षांत त्याचं नाव सगळीकडे पोचलं, रीत मात्र वाटेतच राहिली.

ती रीत इथे लिहून ठेवतो. हे स्नायू पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार त्यांचाच. उताणं झोपून गुडघे वाकवायचे. चारचौघांत गॅस रोखतो तसं मागून आवळायचं, ते आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणायचं आणि आत, वर उचलायचं. सुरुवातीला 3 ते 5 सेकंद, जमेल तसं 10 पर्यंत. जेवढा वेळ धरलं तेवढाच वेळ पूर्ण सैल. असं 8 ते 12 वेळा, मग थोडी झटपट आवळणी, दिवसातून तीनदा. निदान 3 महिने. आठवड्यात फरक पाहणाऱ्यांनी सुरूच करू नये, हे तुमचंच.

श्वास अडला, कुल्ले किंवा मांड्या घट्ट झाल्या, की काम भलत्याच स्नायूंनी केलं. सगळ्यांत वाईट म्हणजे वर उचलण्याऐवजी कुंथल्यासारखं खाली ढकलणं. मेहनत तेवढीच, आणि झोळी उलट आणखी ताणली जाते. त्यासाठी तुम्ही हातआरशाचा उपाय सांगितलात: लघवीची जागा आणि गुदद्वार यांच्या मधली जागा आत ओढली गेली तर बरोबर, बाहेर फुगली तर उलटं. लघवीची धार मध्येच रोखून सराव मात्र नाही. त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आवळायला सगळेच सांगतात, सोडायला तुम्ही शिकवलंत. काहींचे हे स्नायू आधीच आखडलेले असतात. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, संबंधाच्या वेळी दुखतं. त्यांनी कीगलनं आणखी आवळत बसू नये, आधी तपासून घ्यावं.

नौकासन आणि दोन्ही पाय एकदम उचलणं तुम्ही गळणाऱ्यांसाठी थांबवलंत. कपालभातीही, कारण प्रत्येक झटक्याला पोटातला दाब वाढतो. दोन काकूंचे चेहरे पडले. बदल्यात सेतुबंधासन दिलंत, उताणं झोपून कंबर उचलताना श्वास सोडत. बाळंतपणानंतर चालणं लवकर चालेल, पळणं आणि उड्या 12 आठवड्यांआधी नकोत, आणि तेव्हाही गळत नसेल, खाली जड वाटत नसेल तरच.

आणि बादली! उन्हाळ्यात नागपुरातली बाई कूलर भरते. 15 लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलो, तेही कमरेतून वाकून, श्वास रोखून. तुम्ही माळ्याची बादली आणून दाखवलंत: बादली पायांशी, गुडघे वाकवून, आधी आवळा, मग श्वास सोडत उठा. शिंक किंवा खोकला यायच्या आधीही तसंच आवळायचं, संपेपर्यंत सोडायचं नाही. बादली अर्धीच भरा, दोन खेपा मारा. "नाहीतर पाइप लावा, आणि तो लावायला घरात पुरुष आहेत," हेही म्हणालात. एक काकू पुटपुटल्या, "हे आजवर काऊन नाही सांगितलं कोणी?"

गळतं म्हणून 45 डिग्रीत पाणी तोडणाऱ्या बायांना तुम्ही रागावलात, तेवढं एकदाच. पाणी कमी पडलं की लघवी दाट होऊन मूत्राशयाला टोचते, वर बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथण्यानं पुन्हा तोच स्नायू सैलावतो. लघवीत रक्त, जळजळ, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं असेल, तर व्यायाम बाजूला आणि डॉक्टर आधी. बधिरपणा असेल तर त्याच दिवशी.

हुशार माणसं या शहरात कमी नाहीत ताई. पण दुसऱ्याला लाज वाटू नये म्हणून स्वतःची जागा बदलणारी किती आहेत? बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या खिडकीवर रोज दिसतं, सगळं ठाऊक असलेला माणूस आवाज चढवूनच बोलतो. तुम्ही चार पावलं मागे गेलात, एवढंच. त्यानंतर शेवटच्या रांगेतल्या तिघी आपण होऊन तुमच्याशी बोलायला थांबल्या. काय बोलल्या ते आम्ही विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत.

वर्ग आता गोल उभा राहतो. तुमची निळी सतरंजी इथेच राहिली आहे. न्यायला या, चहा अर्धाच देऊ.

तुमच्या,
सकाळच्या वर्गाच्या शिकवणाऱ्या बाया