चौरंगावरचं लिंबू

एडमंटन, कॅनडा
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ‘थँक्यू’ म्हटलं की तुम्ही ‘त्यात काय, ताई’ म्हणता आणि विषय म्हशीवर नेता. म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण गेल्या महिन्यात मंडळाच्या तिळगुळाला तिघांनी मला विचारलं, “तुमच्याकडे म्हणे घरात लिंबं लागतात?” आणि मी नुसती हसून मान डोलवली. शाबासकी माझ्या खात्यात जमा झाली. घरी येताना गाडीत ते बोचायला लागलं. झाड मी वाढवलं हे खरं, पण त्याला लिंबं लागली ती तुमच्यामुळे. हे चार लोकांत सांगायला मला वर्ष लागलं, त्याबद्दल आधी माफी.

हे झाड २०१८ सालचं. इथल्या दुकानात जी मोठी, बिनबियांची हिरवी लिंबं मिळतात त्यांना आंबटपणा आहे, पण कागदीचा वास नाही. एकदा मेक्सिकोहून आलेली बारकी लिंबं जाळीच्या पिशवीत दिसली. इथं त्यांना ‘की लाइम’ म्हणतात. पहिलं कापलं आणि स्वयंपाकघरात आमचं कोथरूड आलं. आपलं कागदीच ते! त्याच्या सहा बिया दह्याच्या रिकाम्या डब्यात पेरल्या. एका बीतून दोन कोंब आले तेव्हा मला वाटलं जुळं झालं. ते जुळं नव्हतं हे पाच वर्षांनी तुमच्याकडून कळलं. कागदीच्या एका बीत एकाहून जास्त गर्भ असतात, त्यातले बरेचसे परागकणाशिवाय आईच्याच पेशींतून तयार होतात, म्हणून रोप हुबेहूब आईसारखं निघतं. “आमच्याकडं म्हणून तर कागदी बियांवरच लावत्यात. हापूसची कोय लावून हापूस येत न्हाई, हिचं तसं नाही,” हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून चारचौघांत स्वतःचं म्हणून वापरते. आज तेही परत करते.

पहिली पाच वर्षं मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. उन्हाळ्यात झाड जोमानं वाढायचं. जूनमध्ये इथं सतरा तासांचा दिवस असतो, त्यात काय वाढणार नाही? डिसेंबरात तोच दिवस साडेसात तासांचा होतो. बाहेर उणे तीस, आत भट्टी. इथल्या घरांत गरम हवा जमिनीतल्या जाळीतून येते आणि ती जाळी नेमकी खिडकीखाली असते. मी झाडाला ऊन मिळावं म्हणून खिडकीशी ठेवलेलं. म्हणजे एका अंगाला गोठलेली काच आणि दुसऱ्या अंगाला कोरड्या हवेचा झोत. दर डिसेंबरात पानं गळायची. पानं गळाली की मी घाबरून आणखी पाणी घालायची. एका दुकानदारानं गळ्यात मारलेला जांभळा दिवाही होता. तो लावला की शेजाऱ्यांना आमच्याकडे डिस्को चालू आहे असं वाटायचं. झाड जगायचं, काटे वाढवायचं. फूल मात्र एक नाही.

मग २०२३च्या गणपतीला तुम्ही सुनबाईंबरोबर दर्शनाला आलात. लिंबाच्या श्रीगोंद्याहून मुलाकडे येऊन तुम्हाला दहा दिवसही झाले नव्हते. आरती चालू होती आणि तुमचं लक्ष कुंडीकडे. प्रसाद घेतलात, गुडघ्यावर बसलात आणि मातीत बोट खुपसलंत. बोट नाकाशी नेलंत. मला अजून दिसतं ते.

“पाणी रोज घालता?”

“हो, न चुकता.”

“मग फुलंल कशाला?”

मी हसले होते. मला वाटलं, काका चेष्टा करतायत.

डिसेंबरात पुन्हा पानं गळायला लागली तेव्हा मी फोन केला. दोन गल्ल्या बर्फातून चालत, मुलाचा ढगळ कोट घालून तुम्ही आलात. पानांकडे बघितलंतच नाही. कुंडीच्या बुडाला हात लावलात, मग फरशीला. “वर ऊन, खाली हिव. डोकं पाणी मागतंय, पाय उठंनात.” नंतर मी वाचलं तेव्हा ते शब्दशः तसंच निघालं. लिंबाच्या जातीच्या झाडांची मुळं साधारण १२-१३ अंशांखाली पाणी ओढायचं जवळजवळ सोडून देतात. काचेतून येणाऱ्या उन्हानं पानं तापतात, त्यांना पाणी हवं असतं, खालून पुरवठा नाही, मग झाड पानंच टाकून देतं. त्यावर मी आणखी गार पाणी ओतत होते.

तुम्ही विचारलंत, “पाट हाय का घरात?” पाट नव्हता. गणपतीचा चौरंग होता, कपाटात गुंडाळून ठेवलेला. मी जरा कचरले. तुम्ही म्हणालात, “देव गावाला गेलाय, तोवर बसू द्या हिला.” कुंडी चौरंगावर चढली, काचेपासून हातभर मागे आली, जमिनीतली जाळी बंद झाली. जांभळा दिवा काढून साधी पांढरी एलईडीची नळी पानांपासून फूटभर वर टांगली, रोज बारा तास. दोन आठवड्यांत गळ थांबली.

इथवर कुणीही जाणकार सांगू शकला असता. ताण मात्र तुम्हीच सांगू जाणे.

मी पुण्याची, फ्लॅटमध्ये वाढलेली. बहार धरणं हा शब्द कानावरून गेलेला, अर्थ ठाऊक नव्हता. तुम्ही चहाच्या बशीत बिस्किटाचे तुकडे मांडून वर्षातले तीन बहार सांगितलेत: हा मृग, हा हस्त, हा आंबिया. ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं, झाड सुकू द्यायचं, त्याची वाढ थांबवायची, आणि मग पाणी दिलं की ते फुलावर येतं. हस्त बहाराची लिंबं ऐन उन्हाळ्यात निघतात, रसवंतीवाला म्हणेल त्या भावानं घेतो, पण त्याचा ताण पावसाळ्यात द्यायचा असतो आणि पाऊस काही आपलं ऐकत नाही. “झाडाला वाटलं पाहिजे, आता काही खरं न्हाई. मग ते फळ धरायच्या मागं लागतं. तुम्ही त्याला पाच वर्षं वाटूच दिलं नाही.” आणि वर: “आमच्याकडं ताण द्यावा लागतच न्हाई. कुकडीच्या कालव्याच्या पाण्याचं आवर्तन लांबलं की आपसूक बसतो.”

थंडीशी मी पाच हिवाळे भांडत होते. गारवाही लिंबाला फुलावर आणतो, पाण्याच्या ताणासारखाच. म्हणजे जगात लोक ज्याच्यासाठी धडपडतात ते इथं दाराशी फुकट पडलं होतं. फक्त मुळं ऊबदार आणि खोली गार, एवढं जमवायचं होतं. ती खोली आपण १५-१६ अंशांवर आणली. २५ डिसेंबरला पाणी बंद. मला झोप लागेना. रोज सकाळी फोटो पाठवायची, तुम्ही उत्तर द्यायचात, “थांबा.” पानं दुपारी वळायची, सकाळी सरळ व्हायची. ज्या दिवशी सकाळीही वळलेली दिसली त्या दिवशी अर्धा तांब्या, बस. कुंडीतल्या झाडाला शेतासारखं महिनाभर कोरडं ठेवलं तर ते मरेलच, हेही तुम्हीच बजावलंत.

१३ जानेवारी २०२४ची संध्याकाळ आठवते? पारा उणे चाळिसाच्या आसपास. तुम्ही सगळे आमच्याकडे पिठलं-भाकरीला आलेलात. एकदम घरातले सगळे फोन एका सुरात किंचाळले. अल्बर्टा सरकारचा इशारा होता: विजेची मागणी झेपत नाहीये, नको ते दिवे ताबडतोब बंद करा. सगळे टीव्हीवर बातम्या शोधायला लागले. तुम्ही उठलात, झाडाची नळी बंद केलीत आणि आनंदानं म्हणालात, “इथंबी लोडशेडिंग!” गेल्या चार महिन्यांत तुम्हाला इतकं घरच्यासारखं वाटलेलं मी पाहिलं नव्हतं. दोनेक तासांत सगळं सुरळीत झालं, पण ती भाकरी आपण अर्ध्या अंधारातच खाल्ली.

जानेवारीच्या शेवटी ताण तोडला. पहिलं पाणी हलकं, आणि तेही बर्फाचं. इथलं नळाचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. वर्षानुवर्षं ते घालून पानांवर केवडा पडला होता, शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. मी त्याला जुनी पानं समजत होते. तुम्ही चिलेटेड (मुळांना सहज ओढता येईल असं) लोह द्यायला लावलंत आणि अंगणातला स्वच्छ बर्फ बादलीत भरून आत आणलात. “आभाळाचं पाणी हाय, सोडता कशाला?” बादलीभर बर्फ वितळला आणि तळाशी तांब्या-दोन तांबे पाणी! तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “निस्ती हवाच की ही.” मग पाच बादल्या आणल्यात, आणि खोलीच्या उबेला येईपर्यंत रात्रभर ठेवून दिल्यात.

किडीचं लांबवत नाही. चौरंग चिकट लागला म्हणून तुम्ही पान उलटं केलंत, शिरेवर तपकिरी खवले. मला ते झाडाचेच भाग वाटत होते! जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, दर रविवारी, सहा रविवार. औषध नाही, काही नाही.

आणि मग मार्चचा पहिला आठवडा. पहाटे पाण्याला उठले आणि जिन्यातच थबकले. वास. अंधारात वासावरूनच कळलं. दिवा लावला तर एक फूल पूर्ण उमललेलं, पाकळ्या मागे वळलेल्या, मध्ये पिवळे केसर, आणि काचेच्या पलीकडे कठड्यावर वीतभर बर्फ. मी सकाळी सहाला तुम्हाला फोन केला, तुम्ही साडेसहाला दारात. मी रंगवायचा कुंचला तयार ठेवला होता, मधमाशी होऊन परागीभवन करायला. तुम्ही देठाला टिचकी मारलीत. “कागदीला माशी लागतच असं न्हाई. निस्ता वारा पायजे. इथं वारा नाही, तर वारा आपण.” पुढचे पंधरा दिवस घरातला प्रत्येक जण येता-जाता टिचकी मारत होता. एक्केचाळीस फुलं मी मोजली, धरली चार. मी रडवेली झाले तर तुम्ही म्हणालात, झाडाला जेवढी पोसवतात तेवढीच ते ठेवतं, आणि कळ्या मोजू नयेत.

त्याच महिन्यात आपण म्युटार्ट काचघरात गेलो. १९७६ साली उघडलेले ते चार काचेचे पिरॅमिड. उष्ण कटिबंधाच्या पिरॅमिडमध्ये शिरताक्षणी तुमच्या चष्म्यावर वाफ धरली आणि तुम्ही चष्मा न पुसता तसेच उभे राहिलात, बराच वेळ. मी काही विचारलं नाही.

मेअखेर झाड बाहेर नेलं ते तुमच्याच हिशेबानं: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग दोन तास, असं दहा दिवस. २०२२ साली मी एकदम उन्हात ठेवून अर्धी पानं भाजून घेतली होती. सप्टेंबरात रात्री दहा अंशांखाली जायला लागल्या तशी कुंडी आत. तोवर गणपती आला, २०२४चा, ७ सप्टेंबर. चौरंग देवाला परत हवा होता, तुम्ही गॅरेजमधल्या फळ्यांचा पाट ठोकून आणलात. नैवेद्याच्या पानात मीठ, वरणभात, त्यावर तूप, आणि डाव्या कोपऱ्यात आपल्या झाडाच्या पहिल्या लिंबाची फोड. पातळ साल, पिवळट. तुम्ही पानाला हात जोडलेत की गणपतीला, ते मला नक्की सांगता येणार नाही.

आमच्या घरातलं एक माणूस (नाव घेत नाही, उखाणा घ्यावा लागेल) म्हणतं की बियांवरचं लिंबू सहा वर्षांचं झालं की फुलतंच, काकांचा काय संबंध? असेल. पण पाच वर्षं मी ते झाड जवळजवळ मारत आणलं होतं, सहावं वर्ष त्याला दिसलं कुणामुळे? एवढं बोलल्यावर ते माणूस गप्प बसलं.

तुम्हाला सांगायचं राहिलं. रशियात ओका नदीवर पावलोवो नावाचं गाव आहे. तिथले लोक एकोणिसाव्या शतकापासून खिडकीच्या फळीवर कुंड्यांत लिंबं पिकवतात. गावात लिंबाचं स्मारकसुद्धा आहे. श्रीगोंद्यात एवढा लिंबाचा बाजार भरतो, स्मारक आहे का हो?

आणि मंडळात आंब्याचं विचारणारे आहेतच. त्यांना मी तुमचं उत्तर देते, “आंब्याचा नाद सोडा, ताई, छताला भोक पाडंल.” कुंडीत मावणाऱ्या ठेंगण्या जाती असतात असं ते म्हणतात. असोत बापड्या.

तुम्ही ऑक्टोबरात गावी परत गेलात. यंदाचा ताण मी एकटीनं बसवला. २८ डिसेंबरला पाणी बंद, २ फेब्रुवारीला तोडला. एकदाही फोटो पाठवला नाही, तुमच्या लक्षात आलं असेल. काल संध्याकाळी नळीच्या उजेडात शेंड्यांवर पांढरे मणी दिसले, ज्वारीएवढे. मोजले नाहीत. फक्त एक शंका आहे: मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर डोकावतायत. कुंडी आत्ता बदलू की फळ धरल्यावर? रविवारी फोन करते तेव्हा सांगा. म्हशीच्या आधी.

काकूंना नमस्कार.

तुमची,
लिंबूवाली ताई