बाळाच्या अंगाला सध्या काहीही लावू नकोस

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू बाळाला डासांचं रोल-ऑन लावू का विचारलंस आणि तेवढ्यात बाळ उठलं, बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून लिहितेय. बाळ सव्वा महिन्याचं आहे. दोन महिने पुरे होईपर्यंत डासांचं मलम, रोल-ऑन, स्प्रे काहीही त्याच्या कातडीला लावायचं नाही. बाटलीवर ‘हर्बल’ लिहिलेलं असलं तरी नाहीच. लेमन युकॅलिप्टसचं तेल तर तीन वर्षांच्या आत चालतच नाही.

त्याला हवी मच्छरदाणी, आणि तीही दिवसा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. जाळी पाळण्यापासून जरा लांब राहू दे. बाळाचा हात जाळीला टेकला, तर डास बाहेरूनही चावतो. बाहेर नेताना पूर्ण बाह्यांचं झबलं, पायमोजे घाल.

सासूबाई मायेनंच कापराची पुरचुंडी पाळण्याला बांधतील. त्यांना नीट समजावून सांग गं. कापूर पोटात गेला किंवा कातडीतून अंगात भिनला, तर तान्ह्याला आकडी येऊ शकते. धुरीही नको. आणि कॉइल घरात आणूच नका. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण असतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. ते एवढ्याशा छातीत जाणार! लिक्विडचं मशीन लावायचंच झालं तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी उघडी ठेवून.

दोन महिन्यांनंतर डीट (डासांना लांब ठेवणारं रसायन) असलेलं मलम चालतं, डीट ३० टक्क्यांच्या वर नको, आणि तेही डॉक्टरांना विचारूनच. आधी तुझ्या तळहातावर घे, मग त्याला लाव. त्याच्या हातांना मात्र कधीच नाही, मुठी सारख्या तोंडात जातात. घरी आल्यावर धुऊन टाक.

कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, पाण्याचा ड्रम हे सगळं आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायला निखिलरावांना सांग. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, महिनोन्महिने कोरडी टिकतात, आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार.

अंग गरम लागलं तर थर्मामीटर लाव. १००.४ किंवा त्याहून जास्त दिसलं, तर रात्र असली तरी तसंच डॉक्टरांकडे ने. घरचं औषध देत बसू नकोस.

पाळण्याची लांबी-रुंदी मोजून कळव, मी इथे शिंप्याकडे जाळी शिवायला टाकते.

तुझी,
आई